लॉनला बुरशी लागली म्हणून अख्खं लॉन उपटू नका

मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकांचं पत्र आलंय, चांगलं चार पानी आहे, सगळं इथे देत नाही, मुद्द्याचं तेवढं सांगते. रिटायर झाल्यावर त्यांनी खिडकीबाहेरच्या १५ बाय २० फुटांच्या जागेत लाल माती टाकून मेक्सिकन लॉन, म्हणजे ते बारीक पात्याचं दाट गवत, लावलं, तीन वर्षं मस्त होतं, नातू तिथेच रांगला आणि तिथेच चालायला शिकला. यंदा जुलैच्या मध्यापासून त्यात गोल पिवळे चट्टे पडायला लागले, आधी बशीएवढे होते ते आता परातीएवढे झालेत, आणि वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी जिथे पडतं तिथे तर लांबट पट्टाच काळपट होऊन बसलाय. माळीदादांनी हिरवं व्हावं म्हणून दोनदा युरिया टाकला, मग दर रविवारी आलटून पालटून ‘बाविस्टिन’ आणि ‘साफ’ ही बुरशीची औषधं मारली, फरक काही नाही. आता माळीदादा म्हणतायत की फंगस मुळापर्यंत गेलंय, सगळं उपटू आणि नवीन मेक्सिकनचे तुकडे आणून लावू. काका विचारतायत की उपटू का, चुना टाकू का, औषध मारल्यावर नातवाला कधी सोडायचं, आणि गणपतीला पाहुणे येतील तोवर लॉन हिरवं होईल का.

काका, उपटू नका. हे पहिलं सांगते कारण रविवारी माळीदादा परत येतील आणि तुम्ही हो म्हणून बसाल. तुम्ही वर्णन केलेत तसे गोल चट्टे बहुतेक वेळा रायझोक्टोनिया नावाच्या बुरशीचे असतात, इंग्रजीत त्याला ब्राऊन पॅच म्हणतात, आणि ही बुरशी नुसती गवतावर नसते, ती मातीत असते आणि गवताच्या बुडाशी जो वाळक्या काड्यांचा थर साचतो ना त्यात असते. बारीक तपकिरी गाठी करून ती मातीत महिनोन्महिने पडून राहते, हवा मनासारखी झाली की परत धागे सोडते. म्हणजे तुम्ही गवत उपटून टाकलंत तरी बुरशी तिथेच, त्याच मातीवर तुम्ही नवीन कोवळं गवत आणून ठेवणार, वर एसीचं पाणी तसंच टपकणार, मग पुढच्या श्रावणात हेच पत्र तुम्ही मला परत लिहाल. शिवाय ते नवीन तुकडे जिथून येतात तिथेही पावसात पाणी साचलेलं असतं, त्यांच्यासोबत काय काय येईल कोण जाणे. आपल्या कोकणात भातावर पर्णकोष करपा येतो तोसुद्धा याच जातीच्या बुरशीचा, म्हणजे ही काही बाहेरून आलेली नवी बला नाही, आपल्या हवेत तिचं कायमचंच बिऱ्हाड आहे.

आता आपली हवा बघा. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर २३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुलैत रात्रीचं तापमानसुद्धा २५ अंशाच्या खाली फारसं उतरत नाही, हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. या बुरशीला हवं असतं काय, तर रात्र २० अंशाच्या वर आणि गवताचं पान सलग दहाबारा तास ओलं. आपल्याकडे ते तिला आयतं मिळतं. हवा बदलणं आपल्या हातात नाही पण पान किती तास ओलं राहतं हे बऱ्यापैकी आपल्या हातात आहे, आणि लॉनच्या बुरशीचा सगळा खेळ या एका गोष्टीवर आहे, औषध त्याच्यानंतर येतं. हे मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगणार आहे त्याबद्दल वैतागू नका.

पण आधी एक काम करा, उद्या सकाळी साडेसहाच्या सुमारास, उन्हं वर यायच्या आत, वाचायचा चष्मा लावून लॉनपाशी खाली बसा. चट्ट्याच्या मध्यावर बघू नका, मधलं गवत मेलेलं असतं, ते काही सांगत नाही. कडेला बघा, जिथे हिरवं संपून पिवळं सुरू होतं तिथे. ब्राऊन पॅच असेल तर त्या कडेला ओलसर, धुरकट रंगाचं एक कडं दिसेल, बोटभर रुंदीचं, आणि गवताच्या पात्यांमधून पांढुरके बारीक धागे गेलेले दिसतील, उन्हं आली की हे सगळं गायब होतं म्हणून लवकर जायला सांगतेय. कोळ्याचं जाळंही सकाळी दव पडल्यावर असंच दिसतं पण ते पात्यांच्या वर ताणलेलं असतं, बुरशी पात्यांच्या आत आत, बुडाशी गुंतलेली असते. मग कडेचं एक पातं चिमटीत धरून हळूच ओढा. बुडाशी कुजलेलं असेल तर ते विनासायास हातात येईल आणि त्याचं बूड तपकिरी, मऊ झालेलं असेल. पात्यावर फिकट मातकट डाग आणि त्या डागाला गडद तपकिरी किनार, असं दिसलं की जवळजवळ नक्कीच समजा.

तो एसीखालचा पट्टा मात्र मला वेगळा वाटतोय. तुम्ही लिहिलंय की तिथलं गवत काळपट, तेल लावल्यासारखं चिकट दिसतं आणि दोन दिवसांत बसलं, सकाळी वर कापसासारखं पांढरं दिसतं, आणि पाणी ज्या दिशेला वाहतं त्या दिशेलाच पट्टा वाढलाय. हे पिथियमचं लक्षण आहे. आता हे नाव का सांगतेय ते लक्ष देऊन वाचा, कारण तुमच्या दर रविवारच्या फवारणीचा निकाल का लागला नाही याचं अर्धं उत्तर यात आहे. पिथियम दिसतं बुरशीसारखं पण ती खरी बुरशी नाही, तिची जात वेगळी, पाण्यातून पोहत पसरणारी. बाविस्टिनमध्ये जे कार्बेन्डाझिम असतं ते पिथियमवर चालतच नाही. कितीही मारा, जास्त मारा, नाही चालणार.

आणि उरलेलं अर्धं उत्तर त्या आलटून पालटूनमध्ये आहे. औषध बदलत राहावं हे माळीदादांचं म्हणणं अगदी बरोबर आहे, एकच औषध सारखं मारलं की बुरशी त्याला सरावते. पण साफच्या पुडीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय बघा: कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के. म्हणजे एका रविवारी कार्बेन्डाझिम, पुढच्या रविवारी परत कार्बेन्डाझिम, सोबत मॅन्कोझेब. पुडी बदलली, आतलं औषध तेच राहिलं. हे फक्त तुमच्याकडे होतं असं नाही, नर्सरीत गेलं की काउंटरवर याच दोन पुड्या पुढे करतात आणि घेणारा ब्रँडचं नाव वाचतो, आतल्या घटकाचं नाव कोणी वाचत नाही. यापुढे दुकानात नाव सांगायचं ते घटकाचं. त्यात भर म्हणजे भर जुलैत ओल्या गवतावर फवारलेलं औषध पानावर टिकत नाही, तासाभरात सर आली की मॅन्कोझेबसारखं वरवर बसणारं औषध धुऊन गटारात जातं.

बरं, युरियाबद्दल. माळीदादांवर रागावू नका, पिवळं दिसलं की युरिया हा सगळीकडचा रिवाज आहे आणि उन्हाळ्यात भुकेल्या लॉनला तो लागूही पडतो. पण युरियात ४६ टक्के नत्र असतं, ते मिळालं की गवत भराभर वाढतं आणि पातं होतं लुसलुशीत, पातळ सालीचं, बुरशीला आत शिरायला एकदम सोपं. ब्राऊन पॅच आणि पिथियम दोन्ही अशा गवतावर तुटून पडतात. तेव्हा पाऊस संपेपर्यंत युरिया बंद, डीएपी खत बंद (त्यातही नत्र असतं), शेणखताचा जाड थरसुद्धा नको. काही द्यायचंच झालं तर पालाश द्या, पाण्यात विरघळणारं ००-००-५० मिळतं ते, लिटरला ५ ग्रॅम, महिन्यातून एकदा, त्याने पेशी जरा घट्ट होतात. इथे एक अपवाद सांगून ठेवते कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचे चट्टे जर मोठे नसून रुपयाच्या नाण्याएवढे, फिकट पेंढ्याच्या रंगाचे असतील तर तो डॉलर स्पॉट असू शकतो, किंवा चालून आल्यावर चपलेला नारिंगी पावडर लागत असेल तर तो तांबेरा, हे दोन रोग उलट उपाशी गवतावर येतात, तिथे थोडंसं नत्र दिलं तर गवत स्वतःच त्यातून बाहेर पडतं. म्हणूनच आधी रोग ओळखा असं म्हणतेय.

आणि सगळे चट्टे बुरशीचेच असतात असंही नाही बरं का. चट्ट्यावरचं गवत सतरंजीसारखं गुंडाळून उचललं जात असेल तर खाली हुमणीने मुळं खाल्लीत, माती बोटाने उकरा, पांढऱ्या जाड वळलेल्या अळ्या दिसतील. पाती कुरतडलेली दिसत असतील तर चार लिटर पाण्यात दोन चमचे भांड्यांचा लिक्विड साबण घालून चट्ट्याच्या कडेला ओता, लष्करी अळी असेल तर पाचदहा मिनिटांत वर येते. सोसायटीतलं कुत्रं रोज एकाच जागी येत असेल तर मध्ये जळलेलं आणि भोवती गर्द हिरवं कडं असा चट्टा पडतो. यातल्या कशावरही बुरशीनाशकाचा काडीचा उपयोग नाही. पाती राखाडी काजळी धरल्यासारखी झाली असतील आणि ती काजळी बोटाने पुसली जात असेल तर तो स्लाइम मोल्ड, दिसतो भयंकर, करत काही नाही, खराट्याने झाडून टाका.

आता पाणी. तुम्ही लिहिलंय की पाणी संध्याकाळी येतं म्हणून रात्री जेवणं झाल्यावर पाईप लावता आणि पावसाने दोन दिवस उघडीप दिली तरी लावता. काका, हे आजपासून बंद करा, अगदी आजपासून. रात्री नऊला भिजवलेलं गवत सकाळी नऊपर्यंत ओलं, म्हणजे बारा तास पूर्ण, बुरशीला जे हवं ते आपणच हाताने देतोय. पावसाळ्यात लॉनला वरून पाणी लागतच नाही, चार दिवस कोरडे गेले तरी ही माती आतून ओली असते, बोट दोन पेरं आत घाला आणि बघा. दिवाळीनंतर जेव्हा खरंच पाणी द्यायचं तेव्हा सकाळी सहा ते नऊमध्ये द्या, संध्याकाळी आलेलं पाणी पिंपात भरून ठेवा आणि सकाळी वापरा. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा आठवड्यात दोनदा भरपूर द्या, आठवड्याला एकूण इंचभर पाणी पुरतं, एक रिकामा डबा लॉनवर ठेवला की किती पडलं ते कळतं.

एसीच्या पाण्याचं वरच्या मजल्यावरच्यांशी आजच बोला, गोड बोलून. त्यांना कल्पनाही नसेल. ड्रेनच्या नळीला पुढे जोड लावून ती खाली बादलीत किंवा चेंबरकडे नेली की झालं, काम अर्ध्या तासाचं आहे, प्लंबर नाही तर एसीवाला करून देतो, खर्च तुम्ही द्यायची तयारी दाखवा म्हणजे विषय वाढणार नाही. गच्चीवरच्या पावसाच्या पाइपचं तोंडही तुमच्या लॉनकडे आहे का ते बघा, जुन्या बिल्डिंगींमध्ये हे हमखास असतं. ते असेल तर तिथे एल्बो लावून पाणी पेव्हर ब्लॉकच्या बाजूला वळवा. एसीखालच्या त्या पट्ट्यावर हे पाणी थांबेपर्यंत कुठलंही औषध वाया जाईल, म्हणून औषधाच्या दुकानात जायच्या आधी हे काम.

गवत कापणं. पावसाळ्यात ओलं असताना कापू नका, ओलं गवत चिरडतं आणि कात्रीवरून बुरशी सगळीकडे फिरते. दुपारी ऊन पडून कोरडं झालं की कापा, दीड इंच उंची ठेवा, एका वेळी वरचा एक तृतीयांशच. आधी निरोगी भाग कापायचा, चट्टे शेवटी, आणि कापलेलं सगळं दाताळ्याने गोळा करून बाहेर, कंपोस्टमध्ये नको. तुमचे माळीदादा दिवसाला चार सोसायट्या करत असतील आणि मशिन तेच, त्यामुळे तुमच्या लॉनवर चालवायच्या आधी मशिनचं पातं स्पिरिटने पुसून घ्यायला सांगा, मशिन बंद आणि थंड असताना. पात्याला धार आहे का तेही बघा, बोथट पात्याने गवताचं टोक फाटतं आणि त्या फाटलेल्या टोकातून रोग शिरतो.

एवढं केल्यावर औषध. उपयोग होतो, मी औषधाच्या विरोधात नाही, पण ते पसरणं थांबवतं, मेलेलं गवत जिवंत करत नाही. गोल चट्ट्यांसाठी अझॉक्सिस्ट्रोबिन २३ टक्के घ्या, लिटरला १ मिली, आणि १४ दिवसांनी दुसरी फवारणी वेगळ्या गटातल्या औषधाची, प्रोपिकोनॅझोल २५ टक्के, तेही लिटरला १ मिली, प्रमाण वाढवू नका कारण जास्त झालं तर गवताची वाढच खुंटते. दोन फवारण्या झाल्या की थांबा. एसीखालच्या पट्ट्याला मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब एकत्र असलेलं औषध, लिटरला २ ग्रॅम, ते झारीने बुडाशी ओतायचं. तुमचं लॉन ३०० चौरस फूट आहे, त्याला पाचसहा लिटर द्रावण भरपूर झालं, म्हणजे अख्खी बाटली आणायची गरज नाही, सगळ्यात छोटं पॅक घ्या. चट्टा आणि त्याच्या भोवतीचं हातभर हिरवं गवत भिजलं पाहिजे, बुरशी त्या हिरव्यातच पुढे सरकत असते. गवत कोरडं असताना आणि पुढचे चारसहा तास पाऊस दिसत नसताना मारा, द्रावणात थोडं स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटवणारं द्रव, घाला म्हणजे पानावर धरून राहतं. लेबलवर वेगळं प्रमाण असेल तर लेबलचंच ऐका. शंका आली तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा टोल फ्री नंबर आहे, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलतात.

ज्यांना रसायन नकोच आहे त्यांच्यासाठी ट्रायकोडर्मा आहे, ही मित्रबुरशी, लिटरला ५ ते १० ग्रॅम, किंवा चाळलेल्या कंपोस्टमध्ये मिसळून लॉनवर पातळ पसरायची. पण भडकलेला रोग तिच्याने आटोक्यात येत नाही, तिची खरी जागा रोगाच्या आधी, मे अखेरीस पहिल्या पावसाच्या तोंडावर. आणि बुरशीनाशकासोबत देऊ नका, ते औषध हिलाही मारेल, मध्ये दोनतीन आठवडे जाऊ द्या. हळद, ताक, खायचा सोडा, हे कुंडीतल्या झाडाच्या पानावर थोडंफार चालतं, लॉनच्या बुडाशी बसलेल्या रोगावर नाही, आणि सोडा तर सारखा टाकला की मातीत सोडियम साठून मातीच बिघडते.

चुन्याचं विचारलंत, तर माती तपासल्याशिवाय नको. चुना बुरशीनाशक नाही, तो आम्लपणा कमी करतो. कोकणातली लाल माती आम्ल असते हे खरं पण तुमच्या लॉनमधली माती कुठल्या कुठल्या गोणीतून आलीय आणि तीन वर्षं तिच्यावर काय काय पडलंय हे बघायला पीएच, म्हणजे आम्लपणाचा आकडा, मोजावा लागेल. साडेपाचच्या खाली असेल तर डोलोमाइट चुना थोडा देता येईल, तोही पावसाळ्यानंतर.

आता नातू. हा भाग मात्र मी अगदी कडक सांगणार. फवारताना तो घरात, खिडक्या बंद. लॉन पूर्ण वाळेपर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही हे झालं मोठ्यांसाठी, पण दीडदोन वर्षांचं मूल गवतावर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं, म्हणून त्याच्यासाठी मी निदान तीन दिवस आणि मध्ये एक चांगला पाऊस किंवा धुणं, असं धरते. बाटलीवर चौकोन असतो, त्यातल्या त्रिकोणाचा रंग बघा, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. घराच्या बागेसाठी लाल आणि पिवळा दारातसुद्धा नको. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, वारा नसताना, आणि माळीदादांनाही हे सगळं द्या, ते उघड्या हाताने पुडी कालवतात ते तुम्ही बघितलं असेल, त्यांच्याही घरी मुलंबाळं आहेत. मोजायला स्वयंपाकघरातला चमचा नाही, त्यासाठी वेगळा ठेवा. उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधी म्हणजे कधी भरून ठेवायचं नाही, मूळ बाटलीत, कुलपात. आणि पावसात लॉनमध्ये कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या तर त्या लॉनला काही करत नाहीत पण नातवाच्या आधी त्या तुम्हाला दिसल्या पाहिजेत, रोज सकाळी मोजे घालून काढून टाका.

नवरात्र उलटून पाऊस गेला की खरी डागडुजी. तीन वर्षांत गवताच्या बुडाशी वाळका थर किती साचलाय ते बघा, खुरप्याने एक छोटा तुकडा कापून बाजूने पाहिलं की कळतं, हिरवं गवत आणि माती यांच्यामध्ये तपकिरी स्पंजासारखा थर असतो, अर्ध्या इंचापेक्षा जास्त असेल तर दाताळ्याने ओढून तो विरळ करा. मग गार्डन फोर्क तीनचार इंच खोल खुपसत, प्रत्येक वितीवर, सगळ्या लॉनला भोकं पाडा आणि त्यात जाड रेती झाडूने भरा. लाल माती नातवाच्या आणि तुमच्या पायाने दाबून दाबून घट्ट झालेली असते, पाणी वरच थांबतं आणि मुळांना हवा मिळत नाही, या भोकांनी तिचा श्वास मोकळा होतो. हे काम कष्टाचं आहे, माळीदादांना त्या दिवसाचे वेगळे पैसे द्या, नवीन लॉनच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत. चट्ट्यातलं मेलेलं गवत खरवडून काढा, वरची इंचभर माती बदला आणि लॉनच्याच निरोगी कोपऱ्यातून मुळांसकट छोटे गड्डे काढून वीतभर अंतराने लावा. मेक्सिकन सावकाश पसरतं, धीर धरा, दूर्वा असती तर भराभर भरली असती.

कुंपणाची तगर आणि क्रोटन गच्च वाढलंय असं तुम्ही पाठवलेल्या फोटोत दिसतंय, खालचं दोन फूट विरळ करा म्हणजे वारा आत येईल, पातं लवकर वाळेल. लॉनजवळच्या आंब्याच्या फांद्या मात्र स्वतः तोडू नका, झाड तुमच्या दारात असलं तरी १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज करा. आणि आंब्याच्या अगदी बुंध्यापाशी, जिथे दिवसातून तीनचार तासही ऊन येत नाही, तिथे लॉनचा हट्ट सोडा, तिथे दर पावसाळ्यात हेच होणार. तेवढ्या भागात स्पायडर प्लांट किंवा सिंगोनियम लावा, छान दिसतं, काळजी कमी.

राहता राहिलं गणपतीचं. खरं सांगायचं तर तोवर हिरवं होणार नाही. आज पाणी थांबवलं आणि या आठवड्यात पहिली फवारणी झाली तर चट्टे वाढायचे थांबतील, कडा सुकतील, आठदहा दिवसांनी कडेला नवी पाती दिसायला लागतील, पण परातीएवढा चट्टा भरून यायला नोव्हेंबर उजाडेल. हिरवं दिसावं म्हणून आयत्या वेळी परत युरिया मारायचा मोह होईल, तो टाळा. पाहुण्यांच्या खुर्च्या यंदा पेव्हरवर मांडा, लॉनवर नको, ओल्या मातीत खुर्चीचे पाय रुततात आणि वर्दळीने रोग चांगल्या भागात जातो. वहिनींना सांगा की पत्री आणि दूर्वा या लॉनमधून घ्यायच्या नाहीत, औषध मारलंय. आणि ते सकाळी साडेसहाचं बघणं झालं की चट्ट्याच्या कडेचा एक फोटो आणि ओढून काढलेल्या पात्याच्या बुडाचा एक फोटो पाठवा, पांढऱ्या कागदावर ठेवून काढा, म्हणजे औषध आणायच्या आधी मी बघून सांगेन.